आधी विचारा, कशात कमावलंय

माझ्या पर्समध्ये होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक रिकामी बाटली कायम असते. तिच्यात साधं नळाचं पाणी. चामड्याच्या दुकानात गेलं की दुकानदार गुंडाळ्या सोडायला लागतो, रंग दाखवतो, भाव सांगतो, "मॅडम, हात फिरवून बघा, लोणी आहे लोणी" म्हणतो. मी हात फिरवते, मान डोलावते, बाटलीचं बूच काढते आणि कातड्याच्या कोपऱ्यावर एक थेंब सोडते. मग आम्ही दोघंही त्या थेंबाकडे बघत उभे राहतो. एका दुकानातला पोऱ्या मला 'थेंबवाल्या मॅडम' म्हणतो असं कळलंय. म्हणू दे.

ही सवय मला फुकट लागलेली नाही. एक डायरी, एक बॅग, नवऱ्याचा एक पट्टा आणि मामाची कोयती, एवढ्यांचा बळी देऊन लागली आहे.

मी सांगलीत एका पतसंस्थेत हिशेब बघते. चामड्याचं काम रविवारचं, आणि तेही २०२०च्या टाळेबंदीत सुरू झालेलं. लोक तेव्हा घरी पाव भाजत होते, मी जुन्या पर्सा उसवून त्यांचे किल्ल्यांचे पट्टे करत होते. पहिलं विकतचं कातडं आणलं ते पुढच्या वर्षी. भाचीच्या वाढदिवसाला डायरीचं कव्हर करायचं, त्यावर तिचं नाव ठोकून उठवायचं आणि कडेने वेल. व्हिडिओत पाहिलेलं फार सोपं होतं. कातडं ओलं करायचं, अक्षराचा ठसा ठेवायचा, हातोडीचा एक ठोका. दुकानात सुंदर तपकिरी तुकडा मिळाला. मऊ, एकसारखा, कुठे डाग नाही. 'फुटाला नव्वद' म्हणाले. (या धंद्यात फूट म्हणजे चौरस फूट. मला ते घरी येऊन बिल वाचल्यावर कळलं.)

घरी ओलं करायला गेले तर पाणी वरून ओघळून ओट्यावर. मी खूश, म्हटलं, वॉटरप्रूफ दिसतंय. ठसे मारले, नाव उठलं, रात्री फोटो काढून बहिणीला पाठवलासुद्धा. सकाळी बघते तर नाव नाही. म्हणजे होतं, पण झोपेतून उठल्यावर गालावर चादरीच्या सुरकुत्या असतात तेवढंच. नऊ वाजेपर्यंत तेही गेलं. मला वाटलं जोर कमी पडला. मोठी हातोडी आणली, खाली आधाराला पोळपाट घेतला. पोळपाटावर भाचीचं नाव अजून आहे. सासूबाईंना कुणी सांगू नये.

त्यानंतरच्या महिन्यात अंबाबाईला गेलो होतो. दर्शन झाल्यावर नवऱ्याला म्हटलं, चल, सुभाषनगरला जाऊन येऊ. कोल्हापुरात चपलांची दुकानं देवळाच्या आसपास बघावीत, पण चपला करणारी माणसं भेटायची तर सुभाषनगर. एका घराच्या ओसरीवर सत्तरीचे एक काका तळ कापत बसले होते. त्यांना माझा तुकडा दाखवला. त्यांनी रापीने कडेची एक पातळ सळी काढली आणि काप माझ्यासमोर धरला.

"बघा ताई, मधी निळसर दिसतंय का? क्रोम हाय ह्ये. मऊ ऱ्हाणार, पाण्याला भ्यायचं न्हाई, पर तुमचं नाव काय ध्यानात ठेवायचं न्हाई."

मग त्यांनी स्वतःच्या कामातला एक तुकडा घेतला, बादलीतल्या पाण्यात बोटं बुडवून त्यावर फिरवली आणि अंगठ्याच्या नखाने एक रेघ ओढली. कातडं गडद झालं, आणि रेघ तिथेच राहिली. "ह्ये सालीतलं."

तो तुकडा मी मागून घेतला. अजून आहे माझ्याकडे, आणि रेघही आहे.

कशात कमावलंय, हा प्रश्न रंगाच्या आणि भावाच्या आधी विचारायचा असतो, हे मला त्या ओसरीवर कळलं. तोवर 'कमावणं' म्हणजे नेमकं काय, याचा मी विचारच केला नव्हता. ते नीट समजलं मिरजेत, आणि तेही उलट्या बाजूने. मिरज सतार-तानपुऱ्याची, पण तबले-पखवाज करणारेही आहेत. सासऱ्यांच्या हार्मोनियमच्या भात्याच्या कोपऱ्याला भेग पडली होती, म्हणून गेले होते. शेजारी तबल्याची पुडी चढवणं चाललं होतं. मी शहाणपणा करून विचारलं, हे कातडं बाभळीच्या सालीतलं का? तो माणूस हसला. "हे कमावतच नाहीत. कमावलं की आवाज मेला."

तबल्याला बकऱ्याचं कच्चं कातडं लागतं. केस काढलेलं, ताणून वाळवलेलं, बस. कच्चं कातडं वाळलं की खणखणीत होतं, म्हणून तर बोलतं. पण तेच ओलं राहिलं की कुजतं आणि पुन्हा वाळलं की लाकूड. कमावणं म्हणजे त्याची ही दोन्ही टोकं काढून घेणं. कातड्याच्या तंतूंमध्ये असं काहीतरी जाऊन बसवायचं की तंतू पुन्हा एकमेकांना चिकटणार नाहीत आणि कुजवणाऱ्या जंतूंना तिथे काही खायला उरणार नाही. ते 'काहीतरी' काय, त्यावर पुढचं सगळं अवलंबून.

कोल्हापुरीच्या कातड्यात ते 'काहीतरी' म्हणजे बाभळीची साल आणि हिरडा. दोन्हींत टॅनिन भरपूर. हिरडा चघळला की जीभ आकसते ना, ते टॅनिन. जुन्या पद्धतीत कातडं चुन्यात भिजवून केस आणि मांस काढायचे, मग कातड्याचीच पिशवी शिवायची, तिच्यात साल-हिरड्याचा काढा भरायचा आणि पिशवी टांगून ठेवायची. काढा कातड्यातून झिरपत खाली येतो, तो पुन्हा वरून ओतायचा. चुन्यापासून धरलं तर महिनाभराचं काम. दक्षिणेत तमिळनाडूकडे याच कामाला तरवडाची साल वापरायचे. जतच्या बाजूला माळावर पिवळ्या फुलांची झुडपं दिसतात, तोच तरवड. आमच्याकडे त्याचा उपयोग गाडीतून फोटो काढण्यापुरता.

क्रोमची गोष्ट वेगळी. १८८४ साली न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झने क्रोमच्या, म्हणजे क्रोमियम या धातूच्या, क्षारांनी कातडं कमावण्याचं पेटंट घेतलं आणि महिन्याचं काम दिवसा-दोन दिवसांवर आलं. ड्रममध्ये कातडी फिरवली की ती फिकट निळी होऊन बाहेर पडतात. त्या अवस्थेला धंद्यात 'वेट ब्लू'च म्हणतात. काकांनी कापात दाखवलेला निळसरपणा तोच. आज जगातलं बहुतांश चामडं क्रोमचं आहे. म्हणून दुकानात नुसतं 'लेदर द्या' म्हटलं तर दुकानदार क्रोमच काढणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

सालीतल्या कातड्याला बाजारात 'व्हेज टॅन' म्हणतात. हा शब्द आमच्या सोसायटीत मी एकदाच वापरला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी लगेच दोन पर्सांची ऑर्डर दिली आणि जाताना खात्री केली, "म्हणजे जनावराचं नाही ना?" ऑर्डर गेली. तेव्हापासून मी 'सालीतलं'च म्हणते.

तर सुभाषनगरहून आले ती सालीतल्याची भक्त होऊन. नवा मुसलमान म्हणतात तसं नाही म्हणत, पण कुठल्याही नव्या भक्तासारखीच आंधळी. ऑफिसातल्या मैत्रिणीने खांद्यावरची बॅग मागितली, तीही मी सालीतलीच केली. दोन मिलिमीटर जाडीचं, बिनरंगाचं, मधासारखं कातडं. शिवण हातची. रिकामी बॅगच जड होती. टेबलावर ठेवली की डबा ठेवल्यासारखा आवाज यायचा. तरी मैत्रीण प्रेमाने वापरत होती. मग वळवाचा पहिला पाऊस आला. थेंब जिथे जिथे पडले तिथे गडद ठिपके, वाळल्यावर त्यांच्या कडा, आणि फ्लॅप वाकडा. मी म्हटलं, अगं त्याला पॅटिना म्हणतात, उन्हातान्हात वापरून हे कातडं सुंदर होत जातं. ते खरंही आहे. खिडकीत दोन दिवस ठेवलं तरी सालीतल्याचा रंग उतरत नाही, चढतो. पण तिला बॅग हवी होती, पॅटिना नको होती. ती म्हणाली, "तुझं सगळं बरोबर असेल, पण माझा डबा भिजला."

तिला दुसरी बॅग क्रोमची करून दिली. दीड मिलिमीटर, आत अस्तर. तीन पावसाळे झाले, बॅग तशीच आहे. म्हणजे वाकायचं, लोंबायचं, भिजायचं आणि रंग धरून ठेवायचं काम असेल तर क्रोम. उभं राहायचं, आकार धरायचा, ठसा धरायचा, कड घासून चकचकीत करायची असेल तर सालीतलं. क्रोमची कड कितीही घासा, सुतासारखी पिंजते. तिला रंग लावून झाकावी लागते, नाहीतर दुमडून शिवावी लागते.

आणि हो, 'बाभूळ चांगली, क्रोम विषारी' असंही मी आता म्हणत नाही, पूर्वी म्हणायचे. क्रोमच्या टॅनऱ्यांच्या सांडपाण्याने काय केलं ते तमिळनाडूत पालार नदीकाठच्या लोकांना विचारावं. १९९६ साली सुप्रीम कोर्टाचा त्यावरचा निकाल आपल्याकडच्या पर्यावरणाच्या कायद्यात मैलाचा दगड मानतात. पण सालीच्या टॅनरीचं पाणीही काही गंगाजल नसतं. चुना, केस, मांस आणि टॅनिनने काळं झालेलं पाणी ओढ्यात सोडलं तर ओढा मरतोच. तयार चामड्यातला क्रोम सहसा त्रास देत नाही, मात्र काहींच्या त्वचेला त्याची ॲलर्जी असते. म्हणून घड्याळाचा पट्टा करायचा असेल तर मी आतली, मनगटाला लागणारी बाजू सालीतली ठेवते. बास, यापलीकडे त्यात माझा धर्म नाही.

दुकानात ओळखायचं कसं, हे मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात. पहिली गोष्ट काप बघायची. मधोमध निळसर-राखाडी असेल तर क्रोम, आरपार तपकिरी असेल तर सालीतलं. पण रंग आरपार मुरवलेला असला की काप फसवतो. मग थेंब. थेंब मुरला आणि जागा गडद झाली तर सालीतलं असण्याची शक्यता जास्त, मोत्यासारखा बसून राहिला तर क्रोम. वरून रंगाचा किंवा प्लास्टिकचा थर मारलेला असेल तर थेंबही खोटं बोलतो, म्हणून मी मागच्या, खडबडीत बाजूवरही एक सोडते. तिसरी खूण वासाची. सालीतल्याला एक मातकट, लाकडी वास असतो, कात आणि भिजलेल्या पाचोळ्याच्या मधला. क्रोमला मला तरी नव्या बुटाच्या खोक्याचा येतो.

शंका राहिलीच तर एक सळी मागून आणते आणि घरी उकळते. उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं. सालीतलं आक्रसून, वळून, वाळल्यावर कडक होतं. नीट कमावलेलं क्रोम जसंच्या तसं बाहेर येतं. यासाठी चहाचं एक जुनं पातेलं वेगळं काढलंय आणि त्यावर मार्करने फुली मारली आहे, कारण एकदा त्यात खरंच चहा झाला होता. काही दुकानदार काडी लावून राखेचा रंग दाखवतात, हिरवट म्हणजे क्रोम. मी त्यांना नको म्हणते. तो धूर नाकात घेण्याइतकं माझं ज्ञानावर प्रेम नाही.

हे कळलं तरी निम्मंच काम झालं. कातडं जनावराच्या अंगावर कुठलं, हेही बघावं लागतं. पाठीचं आणि पुठ्ठ्याचं (म्हणजे मागच्या पायांच्या वरचं) घट्ट, खांद्याचं जरा सुरकुतलेलं पण कामाचं, पोटाचं सैल आणि ताणणारं. पोटाचा भाग स्वस्त मिळतो. मी त्यातून नवऱ्याला कमरेचा पट्टा केला. महिन्याभरात तो दोन भोकं आत गेला. नवरा इतका आनंदात होता, फिरायला जाण्याचा परिणाम म्हणून ऑफिसात सांगत होता, की मला खरं सांगायला आठवडा लागला. पट्टा ताणला होता. पट्ट्याला पाठीचंच घ्यावं, साडेतीन मिलिमीटरच्या आसपास, आणि पाठीच्या कण्याला समांतर कापावं.

जाडीचं म्हणाल तर पाकिटाला एक ते सव्वा मिलिमीटर पुरे, कारण घडी पडली की ते दुप्पट-चौपट होतं. परदेशी व्हिडिओंत जाडी औंसात सांगतात. एक औंस म्हणजे ०.४ मिलिमीटर, त्यामुळे 'आठ औंस' ऐकलं की साधारण ३.२ समजायचं. मी सुरुवातीला हे वजन समजून दुकानात 'आठ औंस द्या' म्हटलं होतं. दुकानदाराने मला होमिओपॅथीच्या दुकानाचा पत्ता दिला नाही एवढंच.

भात्याचं सांगायचं राहिलं. तिथे मेंढीचं, पापडासारखं पातळ आणि रुमालासारखं मऊ कातडं लागलं. हजारो वेळा घडी पडणार आणि हवा सुटता कामा नये. ते मिरजेच्या माणसानेच बसवलं, मी फक्त पाहिलं.

आता कोयती.

माझं आजोळ संगमेश्वर तालुक्यात. मामा पासष्टीचा, अजून माडावर चढतो. कोकणात कोयती कमरेला कशी असते ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. कमरेला दोरी, दोरीत मागच्या बाजूला लाकडाची आकडी, आणि आकडीत उघडी कोयती. चालताना ती मागे हलत असते, आणि शहरातून आलेल्या माणसाच्या काळजाचा ठोका चुकत असतो. मी ठरवलं, मामाला म्यान करून द्यायचं.

विचार असा केला की तिकडे पाऊस प्रचंड, म्हणून पाण्याला न भिणारं क्रोम घ्यावं. बॅगेने शिकवलेलंच वापरत होते मी. घेतलं, शिवलं, गणपतीला गेले तेव्हा दिलं. मामाने कोयती आत सरकवली, म्यान मोज्यासारखं लोंबलं, आणि दुसऱ्या झटक्यात कोयतीची चोच शिवणीतून बाहेर. "काय गो, मोजा शिवलास काय कोयतीला?" तरी माझं मन राखायला त्याने ती त्यातच घालून कोनाड्यात ठेवली. खंडेनवमीला हत्यारं पूजेला काढली तेव्हा पात्यावर गंजाचे खड्डे. नुसता तांबूस थर नव्हे, खड्डे. मामाने फोनवर एवढंच सांगितलं की लोहाराकडे दिली आहे. मामी मागून बरंच काही सांगत होती.

पुन्हा सुभाषनगर. काकांनी ऐकून घेतलं आणि आधी माझ्यासाठी चहा सांगितला, तेव्हाच मला कळलं की चूक मोठी आहे. क्रोमच्या चामड्यात कमावताना वापरलेले क्षार थोडे उरतात. कोरड्या हवेत काही होत नाही, पण कोकणातल्या दमट हवेत, आत पोलाद बंद करून ठेवलं, की ते क्षार पात्याला खातात. शिवाय म्यानाला आकार धरावा लागतो, तो क्रोम कुठून धरणार? काकांनी तळाचं म्हशीचं कातडं दिलं, पुठ्ठ्याचं, चांगलं साडेतीन मिलिमीटर. बैलाचं मिळेल का विचारलं तर म्हणाले, "२०१५ सालापास्नं न्हाई ताई. कायदा आला. आता म्हस, न्हाईतर भायेरनं येतंय त्ये."

आठवलं म्हणून सांगते. २०१९मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. २०२५च्या जूनमध्ये मिलानमधल्या प्रादाच्या शोमध्ये तशाच चपला दिसल्या आणि महिनाभर सगळ्यांनी वेणी, कान, अंगठा यांवर लिहिलं. तळाच्या कातड्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. ते कातडं कमावणारे हात दरवर्षी कमी होत चाललेत असं काका म्हणतात, आणि त्यांच्या स्वतःच्या घरातही पुढे कुणी नाही.

दुसरं म्यान मी नीट केलं. दोन पदरांच्या मध्ये कडेने कातड्याचीच एक पट्टी घातली, म्हणजे धार शिवणीच्या दोऱ्यावर न येता पट्टीवर येते. कातडं भिजवलं, कोयतीला स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकचे तीन वेढे दिले आणि ओल्या म्यानात घालून हाताने दाबत दाबत आकार बसवला. सावलीत दोन दिवस. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवलं तर तडकतं, तो प्रयोग मी आधी एका तुकड्यावर करून झालेला होता. वाळल्यावर ठोकलं तर टकटक वाजलं. मग मेण चोळलं.

एक चूक तरीही झाली. ओल्या कातड्यावर लोखंडी शिकंजा रात्रभर राहिला आणि सकाळी दोन काळेनिळे चौकोन. टॅनिन आणि लोखंड भेटलं की काळं होतं, हिरडा आणि लोखंडापासून शाई करायचे ती याच हिशेबाने. लिंबू चोळून डाग थोडे फिके झाले, गेले नाहीत. शेवटी व्हिनेगरमध्ये गंजके खिळे आठवडाभर बुडवून ठेवले आणि ते पाणी फासून अख्खं म्यानच काळं केलं. रंगाची बाटली न आणता इतकं खोल काळं मिळतं हे मला चुकूनच समजलं. क्रोमवर हे होत नाही, कारण तिथे टॅनिनच नाही.

मामाला म्यान आवडलं. हातात घेऊन वाजवून बघितलं, कोयती आत-बाहेर केली. चोच बाहेर आली नाही. पुढच्या श्रावणात गेले तेव्हा म्यान खुंटीला टांगलेलं, त्यावर पांढरी बुरशी, पितळी रिव्हेटांभोवती हिरवा मेणचट थर, आणि मामाच्या कमरेला लाकडी आकडी. उघडी कोयती मागे हलत होती.

"अगो, चामडं कुठलंही घे, ओल धरतं. आकडीत वारा लागतो, पातं सुकं राहतं."

मी काही बोलले नाही. बुरशी कोरड्या फडक्याने पुसली, रिव्हेट घासले.

"पण टाकलं नाही हां मी," मामा म्हणाला. देवरुखला लोहाराकडे धार लावायला न्यायची तर एसटीत कंडक्टर उघडी कोयती घेऊ देत नाही. पूर्वी तो ती गोणपाटात गुंडाळून न्यायचा. आता म्यानात नेतो. वर्षातून दोनदा.

निघताना त्याने कमरेची दोरी दाखवली. नायलॉनची, घामाने आणि पावसाने कमरेला काचलेली. तिच्या जागी चामड्याचा पट्टा करशील का म्हणाला. घाम, पाऊस, चिखल, रोजचा ताण, वर आकडीचं वजन. परत आल्यावर दोन पट्ट्या कापल्या, एक पाठीच्या सालीतल्या कातड्याची, एक क्रोमची. दोन्ही मिठाच्या पाण्यात बुडवून न्हाणीघरात टांगल्या आहेत, खाली एक-एक किलोचं वजन बांधून. रोज रात्री पुन्हा भिजवते. आज सोळावा दिवस. सालीतली कडक झाली आहे आणि वाकवली की वर बारीक तडे दिसतात. क्रोमची आठ मिलिमीटर ताणली आहे, पण मऊ आहे. नवरा विचारतोय की वजनं काट्याला परत कधी मिळणार.